मध्यमवर्गाचा पक्ष म्हणे कोकणातून!

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चाकरमान्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: कर एकटा मध्यमवर्ग भरतो, पण राजकारणात त्याला स्थान नाही. पक्ष काढायला कोटी लागतात, म्हणून आजवर कोणी काढला नाही. आता आपण काढू, सुरुवात कोकणातून. उद्दिष्टं दोन, करसवलत आणि स्वच्छ कारभार.

कोटींचं आधी मिटवू. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली नोंदणीला १०,००० रुपये शुल्क आणि किमान १०० मतदार सदस्य लागतात. एवढी माणसं एखाद्या वाडीच्या मुंबई मंडळातही निघतील. निवडणूक लढवण्याचा खर्च वेगळा, पण मेसेज नोंदणीबद्दलच बोलतोय.

‘कोणी काढला नाही’ हेही खोटं. आंध्रात २००६ साली लोकसत्ता पक्ष निघाला, २००९ला त्याचा एकच आमदार आला. आम आदमी पक्ष २०१२चा. वर्षभरात दिल्लीत २८ जागा घेतल्या, त्या वीजपाण्याचे प्रश्न हाती घेऊन. निव्वळ पगारदारांच्या मतांवर नव्हे.

आणि ‘स्थान नाही’ हे निदान जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाबद्दल तरी कुणी बोलू नये. बॅरिस्टर नाथ पै तिथून तीनदा खासदार झाले, आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मधु दंडवते १९७१पासून सलग पाच वेळा. दोघेही समाजवादी. त्यांना मतं देणाऱ्यांत कुळं होती, खलाशी होते. पगाराची स्लिप कोणी विचारली नव्हती.

कराचं म्हणाल तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी विकणारी बाईसुद्धा मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरते. उलट आपल्या बागेतल्या आंब्याच्या उत्पन्नावर आयकर नाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत हापूसची कलमं असलेले किती असतील, हे मी विचारत नाही.

खरी अडचण मेसेजमध्ये कुठेच नाही. ज्यांच्या जोरावर ही सुरुवात करायची, त्यातल्या बहुतेकांचं मत डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्यात आहे. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत चालत नाही. शिवाय त्याच कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे शिमग्या-गणपतीला उघडणाऱ्या घराच्या जोरावर गावात मतदार होता येत नाही. कायमचं परत यावं लागेल, मग नाव हलवायला फॉर्म ८ आहेच. पण परतायचं तर गावात दवाखाना हवा, मुलांना कॉलेज हवं, घरच्यांना काम हवं. दोन ओळींच्या उद्दिष्टांत यातलं एकही नाही. २०११पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गाचं तर नावही नाही.