कोड येत नसला तरी चालतं

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, हातभार लावायचा तर प्रोग्रॅमिंग यायलाच हवं, असं एका लेखात वाचलं. अजिबात पटलं नाही. मी मालवणात राहतो, कोड लिहीत नाही, पण लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या बगझिलावर, म्हणजे दोष नोंदवायच्या वेबसाइटवर, आलेल्या तक्रारी तपासतो. तिथे नवी तक्रार आधी ‘अनकन्फर्म्ड’ असते. दुसऱ्या कुणाला तोच घोळ आपल्या मशीनवर दिसला की ती ‘न्यू’ होते. माहिती अपुरी असेल तर ‘नीडइन्फो’ लावून आवृत्ती आणि नमुना फाइल मागायची. एकच तक्रार दोनदा आली असेल तर मूळ तक्रारीला जोडायची. डेव्हलपरचा केवढा वेळ वाचतो यात!

आणि मराठीचं आपण नाही बघायचं तर कुणी? पीडीएफ करताना ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य तुटला, तर देवनागरी न वाचणाऱ्याला त्यात काही चुकलंय हे कळणारच नाही. अशा वेळी तोच मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये घेऊन बघायचा. तिथे नीट उमटला तर संशय आधी फाँटवर. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते, नेट रडतं, तरी तक्रारी निकाली निघतातच.

रत्नागिरी-सावंतवाडीच्या कॉलेजांतल्या मुलांनी यात जरूर उतरावं. सुरुवात जुन्या मराठी तक्रारींपासून करा: ताज्या आवृत्तीत तो दोष अजून आहे का, एवढंच बघून खाली लिहा.