बागेला ताण द्यायचा की पाहुण्यांना हिरवळ दाखवायची?

आमच्या वरुडच्या संत्राबागेत बुटीक रिसॉर्ट उभारण्याचा आराखडा घेऊन आज एक सल्लागार घरी आले होते, आणि ते गेल्यापासून माझा संताप शमलेला नाही. आधी त्यांनी श्रीलंकेतील चहामळ्यांमधली हॉटेले दाखवली: मळ्याच्या साहेबाचा जुना बंगला, मोजक्या खोल्या, समोर हिरवीगार उतरण. मग आमच्या बागेचा नकाशा उघडला. त्यात मधोमध पोहण्याचा तलाव होता आणि त्यासाठी काढायच्या झाडांवर लाल फुल्या होत्या.

ती झाडे मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात जगवलेली आहेत. वरुड-मोर्शीत बागा उभ्या वाळत होत्या, आमची बोअर आटली होती, आणि मामाजी टँकरचे पाणी विकत घेऊन रात्र रात्र एकेका आळ्यात सोडत होते. त्या पाण्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. अशा जमिनीत पोहण्यासाठी तलाव खोदण्याचा विचार कोणाला सुचतो तरी कसा?

श्रीलंकेच्या ओल्या डोंगराळ भागात वर्षाला २,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या निम्माही पडत नाही. तेथे चहाची खुडणी बाराही महिने चालते, म्हणून पाहुणा केव्हाही आला तरी मळा हिरवाच दिसतो. आमच्या आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या संत्र्याच्या फुलोऱ्याचे, तसे नाही. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, पाने मलूल होऊन गळू लागतात, आणि तो ताण नीट बसला तरच जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. नेमक्या त्याच दिवसांत नाताळच्या सुट्टीचे पाहुणे येणार, त्यांना बाग सुकलेली दिसणार आणि व्यवस्थापक पाणी सोडायला सांगणार. एकदा ताण मोडला की बहार गेला. सल्लागारांना मी हे विचारले, तेव्हा त्यांनी लॉन लावण्याचा उपाय सुचवला.

त्याच बेटावर २०१९ मध्ये बॉम्बस्फोट झाले, २०२० मध्ये करोना आला आणि २०२२ मध्ये देशाची तिजोरीच रिकामी झाली. पाहुणे आटले, पण चहा खुडला जातच राहिला. आमची झाडे काढल्यावर पाहुण्यांविना वर्ष आले, तर आम्ही काय तोडून विकायचे?

बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून संत्र्याचा भाव पडला आहे आणि नुसत्या बागेवर घर चालवणे कठीण झाले आहे, हे मात्र मला मान्य करावे लागते.

शिवाय सल्लागारांना बोलावणारा आमचा पुतण्याच आहे, हे लिहिताना माझा राग थोडा ओसरतो. पुण्याची नोकरी सोडून त्याला गावी यायचे आहे. मामाजींनी ज्या रात्री पाणी दिले, त्या रात्री बॅटरी धरून तोच त्यांच्यासोबत उभा होता. त्याचे येणे मला हवे आहे. म्हणून मी त्याला सांगणार आहे की जुन्या वाड्यातल्या चार खोल्या दुरुस्त कर, जेवण घरचे दे, तोडणीच्या हंगामात पाहुणे बोलाव, आणि डिसेंबरातल्या पाहुण्यांना ताण म्हणजे काय ते बागेत नेऊन समजावून सांग. तलाव होणार नाही आणि फुली मारलेले एकही झाड निघणार नाही.

काटोल-नरखेडकडे कोणी बाग राखून पाहुणे ठेवत असाल, तर ताणाच्या दिवसांत तुम्ही काय करता, ते कृपया सविस्तर लिहा. पुतण्याला ते वाचायला द्यायचे आहे.