कम्प्युटर नव्हता, म्हणून हिशेब नव्हता?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: भूकंपाचं गणित कम्प्युटर आल्यावर सुरू झालं, त्याआधी इंजिनिअर अंदाजपंचे भिंती जाड करायचे, भारताला तर २००१च्या भूजनंतर जाग आली.

अंदाजपंचे? डिसेंबर १९०८मध्ये इटलीतलं मेसिना जमीनदोस्त झालं. पुढच्याच वर्षी तिथल्या समितीने आकडे दिले: तळमजल्याने वरच्या वजनाच्या बाराव्या हिश्श्याएवढा आडवा जोर सोसायला हवा, त्यावरच्या मजल्याने आठव्या. वर हिसका जास्त बसतो, हे त्या दोन अपूर्णांकांत आलंच. जपानात इंजिनिअर सानो तोशिकातांनी १९१६ साली असाच गुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट आडवा जोर धरायचा तो आकडा, मांडला. १९२३च्या कांतो भूकंपानंतर तो ०.१ म्हणून नियमात आला.

कम्प्युटरचं म्हणाल, तर १९३२ साली मॉरिस बिओ यांनी कॅलिफोर्नियात डॉक्टरेटच्या प्रबंधात रिस्पॉन्स स्पेक्ट्रमची मूळ कल्पना मांडली: एकाच भूकंपात वेगवेगळ्या आवर्तकाळाच्या (एक झोका पुरा व्हायला लागणाऱ्या वेळाच्या) इमारती जास्तीत जास्त किती हलतील, याचा आलेख. अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी: मोठ्या भूकंपात जमीन नेमकी कशी हलते, याची नोंदच कुणाकडे नव्हती. ती मार्च १९३३मध्ये कॅलिफोर्नियातल्याच लाँग बीचच्या भूकंपात मिळाली. मग बिओंनी तारेला वजन टांगलं. नोंदीच्या आलेखाबरहुकूम तारेचं वरचं टोक पिळायचं आणि वजन जास्तीत जास्त किती फिरतं ते मोजायचं. पीळ म्हणजे भूकंप, लोंबता लंबक म्हणजे इमारत. एवढ्या खटपटीत स्पेक्ट्रमच्या आलेखावर एक बिंदू. पुढच्या बिंदूसाठी लंबकाचा आवर्तकाळ बदला, पुन्हा पहिल्यापासून पिळा! उंच इमारतीचा क्षणाक्षणाचा हिशेब मात्र कम्प्युटरमुळेच आवाक्यात आला, एवढं त्या फॉरवर्डला देऊन टाकू.

राहिला भारत. रेल्वेचे इंजिनिअर एस. एल. कुमार यांनी १९३१च्या भूकंपानंतर तेव्हा भारतात असलेल्या क्वेट्ट्यात भूकंप सोसतील अशी रेल्वे क्वार्टर्स बांधली. १९३५ला शहर कोसळलं, ती उभी राहिली. आयएस १८९३ हे भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं आपलं मानक पहिल्यांदा आलं १९६२ला, म्हणजे भूजच्या ३९ वर्षं आधीचं.

चूक दाखवायचीच असेल तर आपल्या कोयनेत या. धरणाच्या हिशेबात भूकंपाचा गुणांक ०.०५ धरला होता, तोही पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे धरणातल्याच यंत्राने गुरुत्वाच्या ०.६३ पट धक्का नोंदवला, तो धरणाच्या लांबीच्या दिशेने; नदीच्या दिशेने ०.४९. वर हिसका जास्त बसतो, हे मेसिनाच्या समितीने १९०९ साली ओळखलं होतं, नेमकं तेच इथे सुटलं. मोठ्या भेगा पायथ्याशी नव्हे, तर वर, उतार बदलतो त्या मानेपाशी पडल्या.