‘आधी अभ्यास करा’ या प्रतिक्रियेला उत्तर

दाबलेल्या हवेत वीज साठवण्याबद्दलच्या, म्हणजे जर्मनीतल्या हुंटॉर्फसारख्या प्रकल्पांबद्दलच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “हुंटॉर्फची कार्यक्षमता ४२ टक्के. निम्म्याहून जास्त वीज वाया घालवणाऱ्या तंत्राचे गोडवे गाण्याआधी थोडा अभ्यास करावा. लिथियम बॅटऱ्या स्वस्त होत असताना ही अडगळ हवी कोणाला? आणि महाराष्ट्रात मिठाच्या गुहा आहेत कुठे?”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘गोडवे’ काय, ‘अडगळ’ काय! टोपणनावाच्या आडून असं बोलायला काही लागत नाही. मुद्दा साध्या शब्दांत मांडला असतात तरी मी उत्तर दिलंच असतं.

आता तुमचे ४२ टक्के. हुंटॉर्फचा प्रकल्प १९७८ पासून चालू आहे. तिथे जमिनीखाली साडेसहाशे मीटरच्या आसपास, मिठाच्या थरात दोन पोकळ्या केल्या आहेत. वीज स्वस्त असते तेव्हा कॉम्प्रेसरने त्यांत हवा भरतात आणि मागणी वाढली की ती बाहेर काढून, नैसर्गिक वायू जाळून तापवून टर्बाइनवर सोडतात. १ युनिट वीज मिळवायला साधारण ०.८ युनिट वीज आणि १.६ युनिटांएवढा गॅस लागतो. १ भागिले २.४ करा, तुमचे ४२ आले. म्हणजे आत जाणाऱ्या ऊर्जेचा दोन तृतीयांश वाटा गॅसचा, आणि तुम्ही सगळा तोटा विजेच्या खात्यावर मांडून मोकळे झालात. अभ्यास कोणी करायचा?

गॅस लागतो, कारण दाबताना तापलेली हवा गार करूनच पोकळीत सोडावी लागते, आणि हुंटॉर्फमध्ये ती उष्णता फेकून दिली जाते. हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. उमेदीची वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर रूममध्ये काढली आहेत. दाबलेली हवा गार करणाऱ्या आफ्टरकूलरच्या अलीकडच्या पाइपवर पाण्याचा थेंब पडला की चर्र करून उडून जायचा, पलीकडच्या पाइपवर खुशाल हात ठेवावा. मधली सगळी उष्णता कूलिंग टॉवरवाटे हवेत. वीजबिलातला केवढा पैसा तिथून उडून जातो, हे ज्याने रोज पाहिलंय त्याला तुम्ही अभ्यास करायला सांगता?

उष्णता अशी वाया जाऊ न देणं शक्य आहे. अमेरिकेत अलाबामातल्या मॅकिंटॉशला, १९९१ साली, टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर आत येणारी हवा तापवली आणि आकडा ५४ वर गेला. चीनमध्ये जिनतानच्या ६० मेगावॉटच्या प्रकल्पात, २०२२ पासून, हवा दाबताना निघालेली उष्णता साठवून तीच परत वापरतात. गॅस अजिबात जाळत नाहीत. ४२ हा हुंटॉर्फच्या रचनेचा आकडा आहे, अख्ख्या तंत्राचा नव्हे, आणि लेखाचा निम्मा भाग मी यावरच खर्च केला होता. तो तुम्ही वाचलात असं वाटत नाही.

महाराष्ट्राचं म्हणाल तर मान्य. आपल्याकडे बहुतेक भागात बसाल्ट, त्यात मिठाच्या पोकळ्या कुठल्या. आपल्याला घाटघरसारखे, पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्पच सोयीचे. पण लेख महाराष्ट्राबद्दल नव्हताच. लिथियमचं म्हणाल तर चार तासांच्या साठवणीसाठी जरूर वापरा. पण मॅकिंटॉशची पोकळी एकदा भरली की ११० मेगावॉट २६ तास मिळतात. यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

पुढच्या वेळी आकडा टाकाल तेव्हा तो कसा काढला तेही लिहा. खाली खरं नाव असेल तर अधिक बरं.