गाजराची पुंगी आणि रडारचं गुपित

थंडी पडून बाजारात गाजरं दिसू लागली की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगाडा तोच राहतो. गाजराने नजर सुधारते हा म्हणे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेरांनी रचलेला बनाव. त्यांच्या विमानांवर रडार बसवलं होतं. ते जर्मनांना कळू नये म्हणून ‘आमचे वैमानिक गाजरं खातात, त्यामुळे त्यांना अंधारात दिसतं’ अशी आवई उठवली आणि तशी सरकारी पोस्टरं देशभर लावली. जर्मन फसले आणि आपल्याही वैमानिकांना गाजरं चारू लागले. प्रत्यक्षात गाजराचा आणि डोळ्यांचा काडीचाही संबंध नाही, आणि बिचारी ब्रिटिश जनताही अन्न नव्हतं म्हणून गाजरांवर गंडवली गेली. खाली हसून लोळणारे चार-पाच चेहरे.

किस्सा झकास आहे आणि त्यातले काही धागे खरेही आहेत. ते धागे विणलेत मात्र भलत्याच ठिकाणी, म्हणून एकेक उसवून बघू.

‘ही पोस्टरं रडार लपवायला काढली.’ ती काढली कोणी, इथूनच गडबड सुरू होते. गाजराची पोस्टरं हवाई मंत्रालयाची नव्हती, गुप्तचर खात्याचीही नव्हती. ती होती अन्न मंत्रालयाची. एप्रिल 1940 मध्ये या खात्याची सूत्रं लॉर्ड वूल्टन यांच्याकडे आली. हा माणूस मुळात राजकारणी नव्हे, लिव्हरपूलच्या ‘लुइसेस’ या मोठ्या दुकानसाखळीचा प्रमुख. पडून राहिलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात आनंदाने कसा घालायचा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आणि माल खरोखरच पडून होता. युद्धापूर्वी ब्रिटन आपलं निम्म्याहून जास्त अन्न जहाजांनी बाहेरून आणत असे. जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा जे घरच्या मातीत येतं ते खा, असा धोशा सरकारने लावला. बटाटा आणि गाजर तिथे भरपूर येतं. 1942 मध्ये तर गाजरांचा सुमारे एक लाख टन साठा गरजेपेक्षा जास्त झाला होता. दुसरीकडे साखरेचं रेशन आठवड्याला माणशी 8 औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. गाजर गोड असतं. मग गाजराचा जॅम, गाजराचं पुडिंग, मुलांना आइस्क्रीमऐवजी काडीला टोचलेलं गाजर, असे एकेक प्रकार निघाले. गाजर आणि स्वीड नावाचा कंद पिळून काढलेलं ‘कॅरोलेड’ नावाचं सरबतही होतं. त्याच्या चवीबद्दल न बोललेलं बरं. (आपल्या गाजर हलव्याला हे गणित लागू पडलं नसतं. त्यात जाणारी साखर, तूप आणि दूध पाहता एका कढईत एखाद्या कुटुंबाचं आठवड्याचं रेशन संपलं असतं.)

या सगळ्याला चेहरा म्हणून ‘डॉक्टर कॅरट’ आला. हातात बॅग घेतलेलं, टोपी घातलेलं हसरं गाजर. त्याचा जोडीदार ‘पोटॅटो पीट’. अमेरिकेतल्या डिस्नी स्टुडिओनेही गाजरांचं एक अख्खं कुटुंब काढून पाठवलं. वर्तमानपत्रांत पाककृतींच्या जाहिराती, रेडिओवर सकाळच्या बातम्यांनंतर पाच मिनिटांचा ‘किचन फ्रंट’. एवढा खटाटोप एक लष्करी गुपित झाकायला कोण करील? गाजरं खपवायची होती आणि साखर वाचवायची होती.

मग अंधाराचा विषय आला कुठून? ब्लॅकआउटमधून. 1 सप्टेंबर 1939 पासून ब्रिटनभर रात्री दिवे बंद झाले. खिडक्यांवर काळे पडदे, रस्त्यांवर मिट्ट काळोख. 1971 च्या युद्धात मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवल्याचं ज्यांना आठवतं, त्यांना याची कल्पना येईल. ब्रिटनमध्ये तर पहिल्या काही महिन्यांतच रस्त्यांवरच्या अपघाती मृत्यूंचा आकडा एवढा वाढला की सरकार हादरलं. गाजराने प्रकृती चांगली राहते आणि ब्लॅकआउटमध्ये दिसायला मदत होते, असं सांगणारं पोस्टर होतं ते या पादचाऱ्यांसाठी. बर्लिनमध्ये ते कोण वाचतंय याच्याशी वूल्टनसाहेबांना देणंघेणं नव्हतं.

‘विमानावरचं रडार गुप्त होतं.’ हे मात्र खरं. नोव्हेंबर 1940 मध्ये 604 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधल्या जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने रात्रीच्या अंधारात एक जर्मन युंकर्स 88 बाँबफेकी विमान पाडलं. त्याच्या ब्यूफायटर विमानात रडार होतं, आणि त्या रडारच्या पडद्यावर डोळे लावून बसणारा जोडीदारही पुढे त्याच्या यशाचा मोठा वाटेकरी ठरला. पण हे छापायचं नव्हतं. त्यामुळे वर्तमानपत्रांनी कनिंगहॅमला ‘मांजरडोळ्या’ करून टाकलं आणि त्याच्या गाजरप्रेमाच्या बातम्या दिल्या. हे टोपणनाव त्याला स्वतःला आवडत नसे. हवाई मंत्रालयाने ही अफवा खोडून काढायचा काही खटाटोप केला नाही, कारण ती त्यांच्या सोयीचीच होती. अन्न मंत्रालयाच्या मोहिमेलाही हा आयता नायक मिळाला. म्हणजे गाजराचा प्रचार आधी दुकानासाठी आणि घरासाठी, वैमानिकाचा किस्सा त्याला नंतर येऊन चिकटलेला. फॉरवर्डने क्रम उलटा लावलाय, बाकी काही नाही.

‘जर्मन फसले.’ कशाला फसतील? रडार ही काय एकट्या ब्रिटिशांची मिरास होती? युद्ध सुरू व्हायच्या महिनाभर आधी, ऑगस्ट 1939 मध्ये, जर्मनांनी ‘ग्राफ झेपेलिन’ हे प्रचंड वायुजहाज ब्रिटिश किनाऱ्यालगत फिरवलं होतं, तिथल्या उंच मनोऱ्यांतून रडारच्या लहरी निघतात का हे टिपायला. त्या फेरीत हाती फारसं लागलं नाही, पण संशय होता म्हणूनच तर गेले. त्यांचं स्वतःचं ‘फ्राया’ रडार डिसेंबर 1939 मध्येच कामाला लागलेलं होतं. जर्मनीच्या हेलिगोलँड बेटाच्या बाजूला आलेल्या ब्रिटिश वेलिंग्टन बाँबफेकी विमानांची चाहूल त्याने आधीच दिली आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास परत गेली नाहीत. फेब्रुवारी 1942 मध्ये तर ब्रिटिश छत्रीधारी सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ब्रुनव्हाल इथे उतरले आणि जर्मनांच्या ‘वुर्झबर्ग’ रडारचे सुटे भाग उचलून घेऊन आले. ज्यांच्या रडारची चोरी करायला शत्रू येतो, त्यांनी रात्री विमानं पडू लागल्यावर ‘अरेच्चा, गाजरं!’ म्हणावं, हे जरा अतीच झालं. विमानात मावेल एवढं छोटं यंत्र ब्रिटिशांनी आधी बसवलं, ही आघाडी खरी. पण तिचा अंदाज बांधायला गाजराच्या आडून बघायची गरज नव्हती. जर्मन वैमानिकांना गाजरं चारल्याची गोष्ट सांगणारा कोणीही एखादं जर्मन कागदपत्र पुढे ठेवत नाही.

आता या फॉरवर्डमधलं सगळ्यात खोडकर वाक्य: ‘गाजराचा आणि डोळ्यांचा काडीचाही संबंध नाही.’ इथे माझं हसू थांबतं.

संबंध आहे, आणि तो महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून माणसाला ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळेपणावर, यकृताचा उपाय सांगितला आहे. प्राचीन वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांतही बैलाचं यकृत खायला सांगतात. यकृतात व्हिटॅमिन अ साठलेलं असतं, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं, गुण मात्र माहीत होता. हे जीवनसत्त्व 1913 मध्ये हाती लागलं. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांनी ते डोळ्याच्या पडद्यात शोधलं आणि अंधुक उजेडात बघायला लागणारं रंगद्रव्य त्यापासून कसं बनतं हे उलगडलं. 1967 चं नोबेल त्यांना मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. गाजरातल्या कॅरोटीन या केशरी रंगद्रव्यापासून शरीर हेच जीवनसत्त्व तयार करतं. गाजर शिजवून, थोड्या तेलातुपाबरोबर खाल्लं तर ते अंगी जास्त लागतं.

पोस्टर कुठे चुकलं तर ते मापात. ज्याच्या शरीरात व्हिटॅमिन अ कमी आहे त्याची रात्रीची नजर गाजराने सुधारेल. ज्याच्याकडे पुरेसं आहे त्याने टोपलीभर गाजरं खाल्ली तरी काळोख तेवढाच काळा राहील. गंमत म्हणजे हे युद्ध चालू असतानाच ब्रिटनमध्ये तपासलं जात होतं. शेफील्डमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांच्या देखरेखीखाली सैन्यात जायला नकार दिलेल्या काही तरुणांनी स्वतःहून व्हिटॅमिन अ वगळलेला आहार कित्येक महिने घेतला. यकृतातला साठा इतका पुरला की त्यांतल्या मोजक्याच जणांची अंधारातली नजर स्पष्टपणे मंदावली. एका बाजूला डॉक्टर कॅरट भिंतीवर हसतोय आणि दुसऱ्या बाजूला त्याच देशातले शास्त्रज्ञ त्याच्या दाव्याची मर्यादा मोजतायत. त्यामुळे पोस्टरात अतिशयोक्ती होती, जाहिरातीत असते तशी. मात्र अतिशयोक्ती आणि बनाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘काडीचाही संबंध नाही’ हे वाक्य पोस्टरपेक्षा जास्त खोटं आहे.

आपल्याकडे हे वाक्य पसरणं मला खुपतं, त्याला कारण आहे. व्हिटॅमिन अच्या अभावाने मुलांच्या डोळ्यांत आधी रातांधळेपणा, मग कोरडेपणा आणि शेवटी कायमचं अंधत्व येतं, हे भारताने फार जवळून पाहिलंय. म्हणून तर 1970 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आजही अंगणवाडीत बाळाला नवव्या महिन्यात एक लाख युनिटचा आणि त्यानंतर पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा डोस चमच्याने पाजतात. गाजर परवडत नसेल तर शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, पिकलेला आंबा, अंडी हीसुद्धा त्याच कामाची. आपल्या लाल गाजराच्या रंगात लायकोपिन या दुसऱ्या लाल रंगद्रव्याचाही वाटा असतो. कॅरोटीनच हवं असेल तर केशरी गाजर सरस.

राहता राहिलं ‘जनतेला गाजरांवर गंडवलं’. पोस्टरच्या मागे काय होतं तेही बघायला हवं. जानेवारी 1940 पासून रेशनकार्ड. त्याच वर्षीपासून गरोदर बायकांना आणि लहान मुलांना स्वस्तात किंवा फुकट दूध. 1941 च्या अखेरीपासून मुलांना कॉडलिव्हर ऑइल, म्हणजे माशाच्या यकृताचं तेल, आणि पुढे संत्र्याचा रस. खात्याचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड हे स्वतः जीवनसत्त्वांचे अभ्यासक. गव्हाचा कोंडा फार न काढता केलेला, कॅल्शियम घातलेला करडा ‘नॅशनल लोफ’ नावाचा पाव 1942 पासून सगळ्यांच्या पानात आला. लोकांनी त्याला नावं ठेवली आणि खाल्लाही. युद्ध संपलं तेव्हा तिथलं बालमृत्यूचं प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी झालेलं होतं. गंडवलेल्या लोकांचं असं होत नाही.

ज्यांचं खरोखर वाईट झालं ते याच साम्राज्यात होते, फक्त दुसऱ्या टोकाला. भारतातही युद्धकाळात ‘अधिक धान्य पिकवा’चा प्रचार झाला. मुंबईत मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झालं आणि शहर तगलं. बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसं भुकेने आणि पाठोपाठच्या साथींनी गेली. नंतरचे अनेक अभ्यासक आकडा तीस लाखांच्या घरात नेतात. कलकत्त्यात रेशनिंग आलं जानेवारी 1944 मध्ये, आणि खेड्यांत तर कार्डही नव्हतं, दुकानही नव्हतं. ‘सरकारने पोस्टर लावून लोकांना गंडवलं’ असा फॉरवर्ड कोणाला लिहायचाच असेल, तर त्याने लंडनऐवजी बंगालमधल्या मिदनापूरकडे बघावं.

उरला चष्म्याचा नंबर. तो गाजराने उतरत नाही, 1942 मध्येही उतरत नव्हता. तळहात पिवळे पडेपर्यंत रस पिणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.