मिरचीचा रिपोर्ट पास करायचाय? मग हे कराच

राजेहो, मिरची युरोपात धाडायची आहे अन् लॅबवाले नुसतं अफलाटॉक्सिन (बुरशी सोडते ते विष) अफलाटॉक्सिन करून डोकं खातात? घ्या फुकटचा सल्ला. काल लॅब बंद करायच्या टायमाला एक पार्टी पिशवी घेऊन आली, तेव्हापासून देतो म्हणतोय.

सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, ती सरळ मातीवरच पसरवा, ताडपत्रीला पैसे पडतात.

नागपूरच्या कळमना बाजारात न्यायच्या आधी पाणी मारायला विसरू नका. वजन वाढतं, मिरची तुटत नाही, अन् ओलावा ११ टक्क्यांच्या वर गेला तर जाऊ द्या, बुरशीनं काय उपाशी राहायचं का?

आता सॅम्पल. ते स्वतःच निवडायचं. लालभडक, एका मापाच्या, स्थळाला पाठवायच्या फोटोसारख्या मिरच्या वेचायच्या. पोत्याच्या बुडाशी हात घालायचा नाही, तिथं फटकी, म्हणजे रंग उडालेली खराब मिरची असते, फोडली की आतून हिरवट करडी भुकटी उडते, बिया काळ्या. युरोपची मर्यादा काय तर या विषाचा सगळ्यात जहाल प्रकार बी१, त्याला ५ पीपीबी (अब्जात पाच भाग), सगळे प्रकार मिळून १०, म्हणजे शंभर टनात एक ग्रॅम, अन् बुरशी काही सगळ्या मिरच्यांना सारखी वाटून लागत नाही, एका पोत्यात काहीच नाही अन् बाजूच्यात चार मिरच्या अशा की अख्खा लॉट फेल करतील, म्हणून तर लॉटभर ठिकठिकाणहून थोडं थोडं काढून, एकत्र करून, दळून मग टेस्ट करतात, पण तुम्ही आणणार पावभर निवडक माल, त्यावर आम्ही पास लिहिणार, अन् माल बंदरात फेल झाला की फोन कोणाला? आम्हाला! "सर तुमची मशीन बिघडली का?"

रिपोर्ट आजच मागा. दळणं, विष विरघळवून काढणं, कॉलममधून गाळणं, एचपीएलसी मशीनवर मोजणं, ही सारी आमची नाटकं.

एका लॅबमध्ये फेल? दुसरीत जा.

पावडर करून टाका, म्हणजे फटकी दिसतच नाही. भाजल्यानं बुरशी मरते म्हणून सांगा, विष पुरतं जात नाही हे कोण विचारतंय.

पण कालची पार्टी याच्याही पुढची निघाली. म्हणे, "फेल आला तरी टेन्शन नाही सर, लोकलला काढून टाकू." आपल्याकडे मसाल्याला सगळं मिळून ३० पर्यंत चालते, म्हणजे तिकडं फेल झालेला २५ चा माल इथं कायद्यानं पास होऊ शकतो. अन् ३० च्या वरचा? तो काय तुम्ही जाळता? अबे, लोकल म्हणजे कोण? तुझ्याच घरचा रस्सा, तुझ्याच पोरांच्या डब्यातली भाजी. लिव्हरचा कॅन्सर करणारी गोष्ट आहे ही, अन् तू ती हसत हसत सांगतो? लाज वाटू द्या थोडी.

यापुढं गोडाऊनची चावी घेऊन या, पोती आम्ही निवडू. पिशवीच आणायची असेल तर रिपोर्टवर "सॅम्पल पार्टीने आणलेले" असंच छापून येईल, मग कोणालाही फोन लावा.