आज नऊ सप्टेंबर, आणि माझ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ

दुपारपासून तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. आता जेवणं आटोपली आहेत, भांडी तशीच पडली आहेत, पण आधी हे लिहिते.

माझा धाकटा सहावीत आहे. या आठवड्यात परिपाठ त्यांच्या वर्गाकडे. प्रतिज्ञा एकाकडे, सुविचार एकीकडे, बोधकथा तिसऱ्याकडे आणि आमच्याकडे दिनविशेष. काल रात्री ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटता लाटता मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. पहिलंच वाक्य: '९ सप्टेंबर १९४२. नंदुरबार येथे इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हुतात्मा झाले.' त्याखाली टॉलस्टॉयचा जन्म, कॅप्टन विक्रम बत्रांचा जन्म, दूधक्रांतीवाल्या वर्गीस कुरियन यांचं निधन. पट्टी ठेवून समास आखला, तारखांखाली रेघ मारली. एरवी या पोराचं अक्षर मला वाचता येत नाही, काल मोत्यासारखं काढलं होतं.

आज दुपारी वही बघितली. पहिल्या वाक्यावर आडवी लाल रेघ. शेजारी लिहिलंय, 'ग्रुपवरील यादीप्रमाणे वाचणे.'

ग्रुपवरची यादी मी मागवून घेतली. अक्षय कुमारचा वाढदिवस. माओचं निधन, १९७६. उत्तर कोरियाची स्थापना, १९४८. सी ही संगणकाची भाषा तयार करणाऱ्या डेनिस रिचींचा जन्म, १९४१. आणि ऐका, १९४२ सालीसुद्धा एक नोंद आहे. त्याच तारखेची, त्याच सालाची! जपानच्या एका पाणबुडीवरून उडालेल्या छोट्या विमानानं अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलावर आगीचे बॉम्ब टाकले. जंगल पावसानं ओलं होतं, आग पसरलीच नाही, एकही माणूस मेला नाही.

जिथे कोणी मेलं नाही ते धुळ्यातल्या पोरांनी प्रार्थनेच्या मैदानावर वाचलं. जिथे पाच पोरं मेली, इथून काही तासांच्या रस्त्यावर, ते कापलं.

नंदुरबार म्हणजे कुठलं परराज्य आहे का हो? १९९८च्या १ जुलैपर्यंत आपण एकाच जिल्ह्यात होतो. ४२ साली तर सगळं मिळून पश्चिम खानदेश, आणि त्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण धुळं.

माझे आप्पा, म्हणजे वडिलांचे वडील, नंदुरबारचे. त्या वर्षी ते नऊ वर्षांचे होते. घर माणिक चौकाच्या मागच्या गल्लीत. दर वर्षी नऊ सप्टेंबरला सकाळी आंघोळ करून धुवट टोपी घालायचे, माझं बोट धरायचे आणि एवढंच म्हणायचे, "पोरी, आज नऊ तारीख शे. चाल." चौकात स्मारकापाशी जाऊन टोपी काढायची, पाच नावं हळूहळू म्हणायची, एकेका नावानंतर थांबायचं. मग परत. वाटेत जिलबी नाही की शेव नाही. एकदा मी विचारलं, आप्पा तुम्ही होतात का मोर्चात? म्हणाले, "नही. मी घरमा व्हतू."

का होते ते मला पुढे कळलं. त्यांच्या आईनं, माझ्या पणजीनं, त्या दिवशी त्यांना घरात कोंडून बाहेरून कडी लावली होती. गावात पोरं जमताहेत, घोषणा देताहेत हे तिच्या कानावर आलं होतं. पोरगं हट्टी. तिनं कडी घातली आणि स्वतः उंबऱ्यावर बसून राहिली. आप्पा आतून कोठीवर चढले आणि झरोक्याला डोळा लावला. त्यांना चौक दिसला नाही. त्यांना दिसला समोरचा दुकानदार, घाईघाईनं दुकानाच्या फळ्या लावताना. एक फळी त्यानं उलटी लावली. मग आवाज आले. त्या आवाजांबद्दल आप्पा कधीच बोलले नाहीत, त्या उलट्या फळीबद्दल मात्र दर वर्षी बोलायचे.

आता तुम्ही मला सांगा, जगाच्या कुठल्या यादीत ही फळी येणार आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी ते ओरडून सांगणार आहे. दिनविशेष आपल्या पायाखालून सुरू झाला पाहिजे. आधी गाव, मग जिल्हा, मग देश, मग जग. जग नको असं मी म्हणतच नाही. मी स्वतः पोराला टॉलस्टॉय लिहून दिला होता. कुरियन लिहून दिले होते, कारण आमच्या घरी दूध विकलं जायचं आणि त्या माणसाचं मोल मला माहीत आहे. बत्रा तर हवेतच. कारगिलच्या लढाईत गेला तेव्हा चोविशीत होता तो मुलगा. पण शिरीषकुमारला खोडून अक्षय कुमार? त्या नटाचा यात काही दोष नाही, त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण त्याचा वाढदिवस सांगायला टीव्ही आहे, मोबाईल आहे, पेपर आहे. नंदुरबारचा पोरगा सांगायला कोण आहे? परिपाठच आहे ना!

आणि हे एका दिवसाचं नाही. २८ डिसेंबर घ्या. शिरीषकुमारचा जन्म १९२६चा, त्याच तारखेचा. त्या दिवशी यादीत काय येतं? धीरूभाई अंबानी, रतन टाटा, काँग्रेसची स्थापना. म्हणजे जन्माच्या दिवशी उद्योगपतींच्या मागे आणि मरणाच्या दिवशी नटाच्या मागे. या पोरानं जागा मागायची तरी कुठे?

५ मे घ्या. कार्ल मार्क्सचा जन्म, नेपोलियनचा मृत्यू, सगळ्या याद्यांत ठरलेलं. १९१८च्या ५ मेला आपल्या भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. धरणगावात जन्मलेला माणूस, वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं. भुसावळहून जळगावला जाताना भादली लागतं. गाडी थांबते, सुटते. किती जणांना माहीत असतं?

१४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, ती पहिलीच हवी, त्यात दुमत नाही. मुंबई गोदीतला १९४४चा स्फोटही यादीत असतो. पण त्याच दिवशी, त्याच १९४४ सालात, आपल्या शिंदखेड्याकडच्या चिमठाण्याजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारवाल्यांनी, म्हणजे इंग्रजांना झुगारून गावोगावी स्वतःचं सरकार चालवणाऱ्यांनी, इंग्रजांचा खजिना लुटला. धुळ्यातल्या किती मुलांना चिमठाणे म्हटल्यावर बसच्या पाटीपलीकडे काही आठवतं? २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन सगळे साजरा करतात, करावाच. १९३२च्या २१ फेब्रुवारीला रविवार होता आणि याच आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. तुरुंगावरून आपण रोज गाड्या उडवत जातो.

असो. गुरुजींवर आले तर रात्र पुरणार नाही.

मी बाईंना फोन केला. हो, केला. आवाज चढला होता माझा, कबूल करते. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, रोज सकाळी तयार यादी येते, आम्ही तीच वाचायला देतो. प्रार्थना, परिपाठ सगळं ठरलेल्या वेळात बसवावं लागतं. तुमचं वाक्य मोठं होतं." शिक्षकांवर कामाचा किती बोजा आहे ते मला दिसतं. माहित्या भरा, फोटो टाका, निवडणूक आली की तिकडे पळा. तेवढं मान्य. पण वाक्य मोठं होतं म्हणजे काय? पाच जण मेले म्हणून मोठं झालं ते! एकच मेला असता तर बसलं असतं का वेळेत?

हे मी त्यांना म्हटलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का, मला एकच नाव माहीत होतं."

आणि तिथे माझा आवाज खाली आला. कारण काल रात्री पोळ्या लाटताना माझं काय झालं होतं ते मलाच ठाऊक आहे. चार नावं घडाघडा आली. पाचव्याला मी अडले. लाटणं हातात तसंच. डोळ्यांसमोर चौक आला, आप्पांची टोपी आली, पण नाव येईना. शेवटी भावाला फोन लावला. तो झोपेत होता, तरी त्यानं पटकन सांगितलं. शशिधर केतकर. बारा-तेरा वर्षं ज्या माणसाचं बोट धरून मी चौकात गेले, त्यानं एकेका नावानंतर थांबून थांबून म्हटलेली पाच नावं, आणि त्यातलं एक माझ्याकडून सांडलं. मग त्या बाईंना मी कुठल्या तोंडानं बोलू? त्या तर नंदुरबारच्याही नाहीत.

म्हणून दुपारपासून राग होता तो आता अर्धाच उरलाय. पण अर्धा आहे.

शिरीषकुमार सोळा वर्षांचा होता असं सगळे लिहितात. बोटांवर मोजा. डिसेंबर २६चा जन्म, सप्टेंबर ४२. पंधरा पूर्ण, सोळावं चालू. ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींना पकडलं, त्याला बरोबर महिना झाला होता. बुधवार होता. घरी गुजराती बोलणारा पोरगा, हातात झेंडा, तोंडात 'नहीं नमशे, नहीं नमशे', म्हणजे झुकणार नाही, झुकणार नाही. नंदुरबारात अशी घरं खूप, अहिराणी, गुजराती, मराठी, भिली सगळं एका गल्लीत. पोलिसांनी मोर्चातल्या मुलींवर बंदुका रोखल्या तेव्हा हा पुढे झाला आणि मारायचं तर मला मारा म्हणाला, असं आमच्याकडे सांगतात. आप्पा कुणाचं ऐकून सांगायचे, कारण ते तर आत होते, कडी लावलेल्या घरात.

माझा मोठा दहावीत आहे. पंधरा पूर्ण, सोळावं चालू. आज दुपारी क्लासला निघाला तेव्हा मी दारात उभी होते. ओठांवर मिसरूड फुटतंय, पायात कुणाचे तरी बदललेले बूट, मोबाईल खिशात नीट ठेव म्हटलं तर वैतागतो. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच मला पणजीचं वागणं आतून कळलं. आजवर मी तिच्यावर मनातून थोडी रागावलेली होते. तिनं कडी लावली नसती तर माझे आप्पा त्या दिवशी तिथे असते, असं मला लहानपणी वाटायचं. आज दारात उभं राहून वाटलं, मीही लावली असती. घट्ट लावली असती.

आणि पाच घरांत ती लागली नाही. किंवा लावली असेल आणि पोरं मागच्या दारानं गेली असतील. कुणाला माहीत? त्या पाच आया त्या दिवशी दिवेलागणीला काय करत होत्या हे कुणी लिहून ठेवलंय का? पणजीनं दिवे लागल्यावर कडी काढली, आप्पांपुढे भाकरी आणि वरण ठेवलं आणि एक शब्द बोलली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांना हाक मारून जवळ बसवायची आणि नुसतीच केसांत हात घालायची. हे आप्पांनी मला एकदाच सांगितलं, चौकातून परतताना. ते स्वतः तेव्हा सत्तरीच्या पुढचे होते.

म्हणजे त्या तारखेला आमच्या घरात काहीच घडलं नाही. एक मुलगा वाचला, एवढंच. आणि तरी तो माणूस जन्मभर दर वर्षी धुवट टोपी घालून चौकात गेला. यादी बनवणाऱ्यांनो, तारीख लक्षात ठेवणं असं असतं.

काही जण खाली येऊन म्हणतील की ताई, इतिहास एवढा कवटाळायचा नसतो, मुलांना पुढचं शिकवा, त्या रिचींसारखे व्हा म्हणावं. शिकवा ना. रिचींबद्दल मला आदरच आहे, माझा भाचा त्यांच्याच भाषेवर शिकून नोकरीला लागला. पण सी शिकलेल्या मुलाला नंदुरबारची पाच नावं जड होतात हे मला कुणी पटवून दाखवावं.

संध्याकाळी धाकट्यानं विचारलं, "मम्मी, मी चुकीचं लिहिलं होतं का?" मला आज सगळ्यात जास्त लागलं ते हेच. लाल रेघ म्हणजे चूक, एवढंच त्याला माहीत. मी त्याला सांगितलं, तुझं एक अक्षरही चुकलेलं नाही. त्यानं नवं पान काढून तेच वाक्य पुन्हा लिहिलंय. बाईंचा मघाशी मेसेज आला, उद्या पाठव त्याला, परिपाठाच्या शेवटी वाचू देते. एक दिवस उशिरा का होईना. बाईंचे आभार, मनापासून.

नंदुरबारवाल्यांनो, तुमच्यापैकी आज कोणी माणिक चौकात गेलं असेल तर फोटो टाका. पुढाऱ्यांचा आणि हारांचा नको. नावांचा, जवळून काढलेला, पाचही वाचता येतील असा. उद्या सकाळी सातच्या आत टाका, पोरगं साडेसातला निघतं.